जावा आणि डेटाबेस ड्रायव्हर : माझ्या लॅपटॉपवर चालतंय, शाखेत चालत नाही (मदत हवी)

गोदाकाठ (धागाकर्ती), सोमवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं धरून बसलेय, शेवटी धागा काढतेय.

एका पतसंस्थेचं काम आहे आमच्याकडे. मुख्य अ‍ॅप्लिकेशन जावा १७, टॉमकॅट ९ (जावाची वेब सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर), मागे पोस्टग्रेस डेटाबेस. त्याच्या जोडीला मी एक छोटं टूल लिहिलंय, शाखेतल्या विंडोज मशीनवरून दिवसाच्या बेरजा थेट डेटाबेसमधून काढून जुळवायचं. मुद्दाम काही भारी वापरलं नाही, साधं जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत). टूलची जार (जावाचा कोड एकत्र बांधलेली फाइल) आणि पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरची, म्हणजे जावा आणि डेटाबेसमधल्या दुभाष्याची, जार एकाच फोल्डरात ठेवलीये आणि एक बॅच फाइल आहे डबल क्लिक करायला.

लॅपटॉपवर एक्लिप्समधून (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) रन केलं की मस्त चालतं. शाखेत नेलं की "नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड". जार तिथेच आहे, डोळ्यांनी दिसतेय, बॅच फाइलमध्ये क्लासपाथपण (जावाने जार कुठे शोधायच्या ती यादी) दिलाय. पोर्ट ५४३२ उघडा आहे, टेलनेट करून बघितलं. शाखेतले लोक बिचारे रात्री आठपर्यंत थांबले माझ्यासाठी आणि काहीच झालं नाही, त्याचं जास्त वाईट वाटतंय.

टेस्ट केली होती का विचाराल, तर हो, कनेक्शन घेऊन "सिलेक्ट १" मारून बघते आणि "ओके" छापते. तेवढीच टेस्ट आहे.

---

रात्रपाळी, सोमवार रात्री ११:५२

बॅच फाइलमधली ओळ जशीच्या तशी टाका ना इथे. माझा अंदाज आहे की त्यात मायनस सीपी (क्लासपाथ देणारा पर्याय) पण आहे आणि मायनस जार (जार थेट चालवणारा पर्याय) पण आहे.

---

गोदाकाठ, सोमवार रात्री ११:५८

हो, दोन्ही आहेत! आधी मायनस सीपी देऊन ड्रायव्हरची जार, मग मायनस जार देऊन माझ्या टूलची जार.

---

रात्रपाळी, मंगळवार रात्री १२:१०

मग सापडलं. मायनस जार दिलं की जावा तुमचा क्लासपाथ बघतच नाही. मायनस सीपी दिलेलं असो की एन्व्हायर्नमेंटमध्ये सेट केलेलं असो, सगळं बाजूला टाकतो आणि फक्त त्या जारचं आणि तिच्या मॅनिफेस्टमध्ये (जारच्या आतली माहितीची फाइल) जे लिहिलंय तेवढंच ऐकतो. एररपण येत नाही, वॉर्निंगपण नाही, म्हणून माणूस तासन्‌तास शोधत बसतो. एक्लिप्स चालवताना मायनस जार वापरत नाही, सगळा क्लासपाथ स्वतः बांधतो, म्हणून तुमच्याकडे चाललं.

दोन रस्ते आहेत. एकतर मायनस जार काढा आणि क्लासपाथमध्ये दोन्ही जार देऊन शेवटी मेन क्लासचं पूर्ण नाव लिहा. विंडोजवर दोन जारमध्ये अर्धविराम, लिनक्सवर तीच ओळ नेली तर कोलन, हे विसरू नका. नाहीतर मॅनिफेस्टमध्ये क्लास-पाथची ओळ घाला, तिथे जारांच्या मध्ये स्पेस लागते.

सगळं एकाच मोठ्या जारमध्ये कोंबायचा विचार असेल तर आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक ड्रायव्हरच्या जारमध्ये मेटा-इन्फच्या आत सर्व्हिसेस नावाचं फोल्डर असतं, त्यात जावा डॉट एसक्यूएल डॉट ड्रायव्हर नावाची एक टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात ड्रायव्हरच्या क्लासचं नाव असतं. ड्रायव्हरमॅनेजर तीच वाचून ड्रायव्हर शोधतो. आता एकाच प्रोजेक्टमध्ये पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही असले तर जार एकत्र करताना दोन्ही फायलींचं नाव सारखं, त्यामुळे एक राहते आणि दुसरी जाते. मग एक डेटाबेस चालतो आणि दुसऱ्याला "नो सुटेबल ड्रायव्हर". मेव्हनच्या (जावा प्रोजेक्ट बांधायचं टूल) शेड प्लगइनमध्ये सर्व्हिसेस रिसोर्स ट्रान्सफॉर्मर लावला की त्या फायली नीट जोडल्या जातात. आमच्याकडे यात एक अख्खी रात्र गेली होती, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

---

जुना खेळाडू, मंगळवार सकाळी ७:१५

रात्रपाळींनी लिहिलंय ते बरोबरच, थोडी भर घालतो कारण नवीन मुलं हा धागा वाचतील.

जेडीबीसी १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर आलं. तेव्हापासून बरीच वर्षं पद्धत अशी की आधी क्लास डॉट फॉरनेम करून ड्रायव्हरचा क्लास हाताने लोड करायचा आणि मग कनेक्शन मागायचं. २००६ च्या शेवटी जावा ६ बरोबर जेडीबीसी ४.० आलं आणि वर सांगितलेल्या त्या सर्व्हिसेसच्या फाइलमुळे ती ओळ लिहायची गरज संपली. पण जुन्या कोडमध्ये ती ओळ असते आणि त्यावरून निदान सोपं होतं. "क्लास नॉट फाउंड" आलं तर जार क्लासपाथवर नाहीच. "नो सुटेबल ड्रायव्हर" आलं तर एकतर ड्रायव्हर नोंदवला गेला नाही किंवा यूआरएल एकाही ड्रायव्हरला स्वतःची वाटत नाहीये, म्हणजे यूआरएलच्या सुरुवातीच्या भागात कुठेतरी एक अक्षर चुकलंय. "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" आलं तर जार नवीन आणि जावा जुना, त्या एररमधला आकडा ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. तीन वेगळे आजार आहेत आणि लोक तिन्हीला एकच गोळी देतात, नवीन जार डाउनलोड करतात.

टॉमकॅटवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. टॉमकॅट सुरू होतानाच ड्रायव्हरांची शोधाशोध उरकून घेतो, तेव्हा तुमचं अ‍ॅप्लिकेशन अजून लोड झालेलं नसतं. म्हणून वेब-इन्फच्या लिबमध्ये (तुमच्या वेब सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात) ठेवलेला ड्रायव्हर आपोआप नोंदवला जाईल असं धरून चालू नका. तिथे क्लास डॉट फॉरनेमची जुनी ओळ आजही कामाला येते. आणि कनेक्शन पूल (आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) जर टॉमकॅटच्या कॉन्फिगमध्ये असेल तर जार टॉमकॅटच्याच लिबमध्ये लागते.

---

नवशिका नांदेड, मंगळवार सकाळी ९:३०

सर एक प्रश्न, बाळबोध वाटेल पण कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नाही. ओरॅकलची ओजेडीबीसी८ नावाची जार असते ती ओरॅकल ८ साठी असते का? आमच्या लॅबमध्ये ओरॅकल १९ आहे तर मी ओजेडीबीसी१९ शोधत होतो, मिळालीच नाही.

---

जुना खेळाडू, मंगळवार सकाळी ९:४८

बाळबोध नाही रे, भले भले इथे अडतात. तो आकडा डेटाबेसचा नाही, जावाचा आहे. ओजेडीबीसी८ म्हणजे जावा ८ साठी, ओजेडीबीसी११ म्हणजे जावा ११ साठी. डेटाबेसशी जुळणारा आकडा ड्रायव्हरच्या व्हर्जनमध्ये असतो, जारच्या नावात नाही. आणि ती आता मेव्हन सेंट्रलवरून सरळ मिळते, २०१९ पासून. त्याआधी लॉगिन करून डाउनलोड करायची आणि मग लोकल रिपॉझिटरीत हाताने टाकायची.

एसक्यूएल सर्व्हरच्या जारच्या नावातही शेवटी जेआरई आणि पुढे आकडा असतो, तोही जावाचाच. पोस्टग्रेसचा ४२ मात्र ना जावाचा ना डेटाबेसचा. आधी ड्रायव्हरचे आकडे सर्व्हरसारखेच, ९.४ वगैरे असायचे आणि लोकांचा गोंधळ व्हायचा, म्हणून २०१७ मध्ये त्यांनी ९.४ वरून एकदम ४२ वर उडी मारली, जेणेकरून सर्व्हरशी नातं जोडायला कोणी जाऊ नये.

---

गोदाकाठ, मंगळवार दुपारी १:०५

रात्रपाळी, खूप खूप आभार! मायनस जार काढलं आणि ड्रायव्हर सापडला. पण आनंद पाच मिनिटंच टिकला. आता डेटाबेसपर्यंत पोचतंय आणि तिथून हे परत येतंय : "फेटल, इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन, एशिया कलकत्ता". मी कोडमध्ये कुठेही टाइमझोन लिहिलेला नाही हो, कलकत्ता तर नाहीच नाही. लॅपटॉपवर माझा स्वतःचा पोस्टग्रेस आहे तिथे हे येत नाही. शाखा जिथे जोडतात तो टेस्टचा सर्व्हर मागच्या आठवड्यात नवीन कंटेनर इमेजवर (सर्व्हरचा तयार साचा) नेलाय.

---

वारणाकाठचा, मंगळवार दुपारी १:२०

ताई, तात्पुरतं मायनस डी युजर डॉट टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) करून बघा, एरर जाईल. आमच्याकडे एकाने तसंच केलंवतं.

---

मेपलपान, मंगळवार संध्याकाळी ६:३०

टोरांटोतून लिहितोय, उशीर झाला, पण गोदाकाठ, कृपा करून यूटीसी करू नका. कारण सांगतो.

आधी कलकत्ता कुठून आलं ते. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर कनेक्शन जोडतानाच तुमच्या जेव्हीएमचा, म्हणजे चालू असलेल्या जावाचा, टाइमझोन सर्व्हरला कळवतो आणि तो त्या सेशनचा टाइमझोन होतो. विंडोजवर जावा भारताच्या वेळेचं नाव एशिया कलकत्ता असंच देतो. शहराचं नाव २००१ मध्ये कोलकाता झालं, टाइमझोनच्या यादीतही मुख्य नाव एशिया कोलकाता आहे, जुनं नाव फक्त टोपणनाव म्हणून ठेवलंय. इतकी वर्षं दोन्ही चालायची म्हणून कोणाला फरक पडला नाही. आता नव्या डेबियन आणि उबुंटूत ही जुनी नावं टाइमझोनच्या मूळ पॅकेजमधून काढून वेगळ्या लेगसी पॅकेजमध्ये ठेवलीयत, ते पॅकेज नसलेल्या सर्व्हरला कलकत्ता कुठे आहे हेच माहीत नाही. तुमच्या लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसकडे जुनी यादी आहे म्हणून तिथे चाललं.

उपाय एका ओळीचा आहे, मायनस डी युजर डॉट टाइमझोन बरोबर एशिया कोलकाता. बॅच फाइलमध्ये मेन क्लासच्या आधी घाला, नंतर घातलं तर ते प्रोग्रामचं आर्ग्युमेंट होतं आणि काहीच परिणाम होत नाही.

यूटीसी का नको? तुमचं टूल दिवसाच्या बेरजा जुळवतं. समजा १ एप्रिलला रात्री सव्वाबाराला एक नोंद झाली, वर्षअखेरचं काम चाललेलं असतं तेव्हा हे होतंच. यूटीसीत ती वेळ ३१ मार्च, संध्याकाळी पावणेसात. कॉलम टाइमझोनसकटचा असेल आणि सेशन यूटीसीत असेल तर ती नोंद सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल. एरर गेली, "ओके" छापलं गेलं आणि ताळेबंद चुकला. मला एरर आलेली परवडते, हे परवडत नाही.

मायएसक्यूएलवाल्यांना याचंच भावंड भेटलं असेल. त्यांच्या ड्रायव्हरच्या ८.० मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्या सर्व्हरने "आयएसटी" सांगितलं की अडून बसायच्या, हे नाव ओळखीचं नाही किंवा एकापेक्षा जास्त टाइमझोनचं आहे म्हणायच्या. त्यांचंही चूक नाही, आयएसटी भारताची, इस्रायलची आणि आयर्लंडचीही. तिथे यूआरएलमध्ये सर्व्हरटाइमझोन एशिया कोलकाता लिहावं लागायचं. ८.०.२३ पासून वागणूक बदलली, पण जुनी जार असेल तर आजही हेच.

---

वारणाकाठचा, मंगळवार संध्याकाळी ७:०२

मेपलपान, बरोबर आहे तुमचं, मी एवढा विचार केला नव्हता. ताई, माझा उपाय वापरू नका.

माझ्या पदरचा एक अनुभव देतो, तो तरी उपयोगी पडंल. एका साखर कारखान्याच्या सभासद यादीचं काम होतं, ओरॅकलवर. नावं मराठीत. टेस्टिंगला आम्ही सगळी इंग्रजी नावं घातली, सगळं पास. खरी यादी चढवायला घेतली आणि निम्म्या नोंदी व्हॅल्यू टू लार्ज म्हणून परत. कॉलम व्हारचार२ (मजकुराचा प्रकार) तीसचा. तीस म्हणजे तीस अक्षरं असं आम्ही धरलेलं, पण तिथे डीफॉल्टला बाइट मोजतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तीन बाइटचं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं चिन्ह. नुसतं "महाराष्ट्र" लिहिलं की दहा चिन्हं, तीस बाइट, कॉलम गच्च. त्यात पूर्ण नाव कुठं बसणार? कॉलमच्या व्याख्येत आकड्यापुढं सीएचएआर (कॅरॅक्टर) असं लिहिलं की अक्षरं मोजली जातात.

दुसरं आणखी लई बारीक. गावाच्या नावावर शोधायचं होतं, कऱ्हाड. अर्धी माणसं दिसतात, अर्धी दिसत नाहीत. ड्रायव्हर बदलून झाला, एन्कोडिंग तपासून झालं, सगळं बरोबर. शेवटी एकेक बाइट काढून बघितला तर दोन ऑपरेटरांनी दोन तऱ्हेनं टाइप केलेलं. एकाने "कऱ्हाड", त्यात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत, सगळे मिळून १८ बाइट. दुसऱ्याने "कर्‍हाड", साधा र, हलंत आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं चिन्ह), २१ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, जावाच्या इक्वल्सला मात्र दोन वेगळी गावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगळी रूपं एकसारखी करायची सोय) चालवूनही दोन्ही एक होत नाहीत, ते आपणच डेटा आत घेताना एका तऱ्हेवर आणायचं. हा दोष ड्रायव्हरचा नाही, पण ड्रायव्हरची टेस्ट नीट असती तर निदान ड्रायव्हरवरचा संशय एका मिनिटात गेला असता.

---

रात्रपाळी, मंगळवार रात्री १०:२५

वारणाकाठचा, हे सोन्यासारखं आहे. मी आजपासून टेस्टमध्ये "कऱ्हाड" घालणार, दोन्ही तऱ्हेचं.

गोदाकाठ, आता तुमच्या "सिलेक्ट १" बद्दल बोलू. ते वाईट नाही, पण त्यातून फक्त एवढंच कळतं की तार जोडलीये. तारेतून काय येतं-जातं ते कळत नाही. मी कुठलाही ड्रायव्हर बदलला की एक छोटा टेबल बनवतो, त्यात घालतो आणि परत वाचून जसंच्या तसं आलं का बघतो. मराठी मजकूर आणि एखादा इमोजी, कारण मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बसते पण इमोजी बसत नाही, त्यामुळे मराठी चाललं म्हणून सगळं चालेल असं नाही. मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. पैशाचा आकडा, आणि तो बिगडेसिमलनेच (दशांश अचूक धरणारा प्रकार) वाचायचा, गेटडबलने वाचलेल्या पैशांच्या बेरजा पतसंस्थेत कधीतरी पैशापैशाने हलणारच. आणि नल, म्हणजे काहीच न भरलेली किंमत. नल असलेला आकडा गेटइंटने वाचला तर शून्य येतो, लगेच वॉझनल विचारलं नाही तर शिल्लक नाही आणि शिल्लक शून्य यात फरकच उरत नाही.

मग तोडून बघायचं. क्वेरी चालू असताना नेटवर्कची केबल काढा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही ड्रायव्हरांत सॉकेट टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची) डीफॉल्टला शून्य असतो, शून्य म्हणजे कधीच कंटाळायचं नाही. शाखेची लाइन मध्येच गेली तर तुमचं टूल नुसतं लटकून बसेल, आणि समोरचा माणूस ते बंद पडलं म्हणून तीनदा डबल क्लिक करेल. टाइमआउट द्याच.

---

नवशिका नांदेड, मंगळवार रात्री १०:४०

सर हे सगळं एच२ वर (जावातला छोटा डेटाबेस) इन-मेमरी करून चालेल का? आमच्या प्रोजेक्टला सगळे तेच वापरतात, एकदम फास्ट आहे.

---

रात्रपाळी, मंगळवार रात्री १०:५१

तुझ्या हिशेबाचं लॉजिक तपासायला चालेल. ड्रायव्हर तपासायला नाही, कारण तेव्हा तू एच२ चाच ड्रायव्हर तपासतोयस. कलकत्त्याची एरर एच२ ने कधीच दाखवली नसती. डॉकर (कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर टेस्टकंटेनर्स बघ, टेस्ट सुरू झाली की खरा पोस्टग्रेस उभा राहतो, संपली की जातो. फक्त इमेजचा आकडा नक्की लिही, लेटेस्ट लिहू नको, नाहीतर एक दिवस न सांगता खालची जमीन बदलते, जशी गोदाकाठ यांची बदलली.

---

जुना खेळाडू, बुधवार सकाळी ७:०५

दोन गोष्टी राहिल्या. मोठी क्वेरी पण घालून बघा, दहा ओळींची नाही, खऱ्या आकाराची. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर सगळा निकाल एकदम मेमरीत ओढतो. फेचसाइझ (एका वेळी किती ओळी आणायच्या) दिला तरी ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच कायम होणं) चालू असेल तर तो जुमानत नाही, ऑटोकमिट बंद केल्यावरच तुकड्या-तुकड्याने आणतो. शाखेतल्या मशीनला रॅम किती आहे बघा आणि मग ठरवा.

दुसरं म्हणजे टूल सुरू होताना पहिल्याच ओळीत लॉगमध्ये ड्रायव्हरचं नाव आणि व्हर्जन छापा, डेटाबेसमेटाडेटा ऑब्जेक्टमधून मिळतं. जारच्या फाइलचं नाव वाचून विश्वास ठेवू नका. फोल्डरात असलेली जार आणि प्रत्यक्ष लोड झालेली जार एकच असेल याची कोणीही खात्री देत नाही. हेच मुख्य अ‍ॅप्लिकेशनमध्येही घाला.

---

गोदाकाठ, रविवार संध्याकाळी ५:३०

अपडेट द्यायला उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

टूल तिन्ही शाखांत चालू आहे. एशिया कोलकाता बॅच फाइलमध्ये घातलं, १ एप्रिलच्या सव्वाबाराची नोंद १ एप्रिललाच येतेय, मुद्दाम यूटीसी करूनही बघितलं आणि खरंच ३१ मार्चला गेली, अंगावर काटा आला. मेपलपान, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. "कऱ्हाड" दोन्ही तऱ्हेने घातलं, दोन्ही जसंच्या तसं परत आलं, आणि सभासदांच्या खऱ्या यादीत शोधलं तर आमच्याकडेही झेडडब्ल्यूजेवाल्या नोंदी निघाल्या, त्या साफ करायचं काम वेगळं काढलंय. केबल काढून बघितली, आधी वीस मिनिटं थांबले तरी लटकलेलंच, आता सॉकेट टाइमआउट ६० सेकंद दिलाय, मराठीत निरोप येतो की लाइन तुटली, पुन्हा प्रयत्न करा.

पण सगळ्यात मोठं जे सापडलं ते टूलमध्ये नाही. जुना खेळाडू म्हणाले तसं मुख्य अ‍ॅप्लिकेशनमध्येही ड्रायव्हरचं व्हर्जन छापलं. वेब-इन्फच्या लिबमध्ये मी स्वतः ठेवलेली ४२.७ ची जार आहे आणि लॉगमध्ये आलं ९.४! पूल टॉमकॅटच्या कॉन्फिगमध्ये आहे, त्यामुळे टॉमकॅटच्या लिबमध्ये कोणीतरी कधीकाळी टाकलेली जुनी जारच चालू होती, माझी नुसती पडून होती. खरा सर्व्हर अजून जुन्या एमडी५ पद्धतीच्या पासवर्डवर आहे म्हणून कोणाला कळलं नाही.

---

रात्रपाळी, रविवार संध्याकाळी ५:४४

बरं झालं आत्ता कळलं! खरा सर्व्हर नव्या पोस्टग्रेसवर नेला असता आणि पासवर्ड स्क्रॅम या नव्या पद्धतीत गेले असते तर "ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड" म्हणून सगळ्या शाखा एकदम बंद पडल्या असत्या. ४२.२ च्या आधीच्या ड्रायव्हरला स्क्रॅम येतच नाही. जुनी जार काढलीत का?

---

गोदाकाठ, रविवार संध्याकाळी ५:५०

काढली. ४२.७ ची टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवली, वेब-इन्फमधली पण काढून टाकली, म्हणजे एकच राहील. रीस्टार्ट केला, लॉगमध्ये ४२.७ आलं. आज रविवार म्हणून शाखा बंद आहेत, आता स्क्रॅमचा एक युजर करून टेस्टच्या सर्व्हरला लावतेय. झालं की टेस्टचा अख्खा क्लास इथेच टाकते, नांदेडच्या नवशिक्यालाही उपयोगी पडेल.